क्षयमुक्त गावाचे गणित

दरवर्षी २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. अलीकडे आपल्या ग्रामपंचायतींच्या दृष्टीने या दिवसाला आणखी एक महत्त्व आले आहे. २०२३ साली याच दिवशी केंद्र सरकारने ‘टीबीमुक्त पंचायत’ हा उपक्रम जाहीर केला. ठरवून दिलेले निकष पूर्ण करणाऱ्या ग्रामपंचायतीला प्रमाणपत्र मिळते, सोबत महात्मा गांधींचा छोटा पुतळा मिळतो. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, सलग दोन वर्षे निकष पूर्ण केल्यास चांदीच्या रंगाचा, आणि सलग तीन वर्षे केल्यास सोनेरी.

गावाने आपल्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, क्षयाबद्दल ग्रामसभेत उघड बोलले जावे, हा या उपक्रमामागचा हेतू चांगला आहे. त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. आमचा आक्षेप आहे तो मोजपट्टीला. वैज्ञानिक जेव्हा एखादी गोष्ट मोजतो तेव्हा त्याला आधी दोन प्रश्न विचारावे लागतात. आपण नेमके काय मोजतो आहोत? आणि मोजताना कोण सुटून जाते आहे? क्षयमुक्त गावाच्या गणिताला हे दोन प्रश्न विचारले की काय दिसते, ते या लेखात पाहू. उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्यातला मोहोळ तालुका घेऊ. मात्र हे गणित ऊस पिकवणाऱ्या कोणत्याही तालुक्याला लागू पडेल.

निकष कोणते?

२०२३ साली जाहीर झालेले निकष सहा आहेत. पहिला, गावातल्या दर हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० संशयितांची क्षयासाठी तपासणी झाली पाहिजे. दुसरा, वर्षभरात नोंद झालेले रुग्ण दर हजारी एक किंवा त्याहून कमी असले पाहिजेत. तिसरा, उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण किमान ८५ टक्के हवे. चौथा, जंतू औषधांना दाद देतो की नाही याची तपासणी किमान ६० टक्के रुग्णांची झालेली हवी. पाचवा, किमान ५० टक्के रुग्णांना निक्षय पोषण योजनेचा निदान एक हप्ता मिळालेला हवा. सहावा, सर्व रुग्णांना पोषणासाठी मदत मिळालेली हवी.

यांतला पहिला निकष विचारपूर्वक घातलेला आहे. तपासणीच न करता ‘आमच्याकडे रुग्ण नाही’ असे म्हणण्याची सोय त्यामुळे बरीच कमी होते. तिसरा ते सहावा हे निकष रुग्णाच्या हिताचे आहेत. प्रश्न आहे तो दुसऱ्या निकषाचा, आणि ‘मुक्त’ या शब्दाचा.

दर हजारी एक म्हणजे दर लाखी १००. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे वर्षाला दर दहा लाख लोकांमागे एकापेक्षा कमी नवे रुग्ण असतील, तर क्षयाचे निर्मूलन झाले असे म्हणतात. म्हणजे ज्या गावाला आपण ‘मुक्त’ म्हणतो, त्या गावात निर्मूलनाच्या मर्यादेच्या हजारपट रुग्ण असू शकतात. भारताने २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली हे प्रमाण लाखामागे २३७ होते. त्यात ८० टक्के घट म्हणजे सुमारे ४७. प्रत्यक्षात २०२४ साली ते १८७ होते. घट झाली, आणि ती थोडीथोडकी नाही. पण ती सुमारे २१ टक्के आहे. तेव्हा लाखामागे १०० ही मर्यादा गाठणे ही आजच्या परिस्थितीत चांगली पायरी ठरेल, पण तिला ‘मुक्ती’ म्हणता येणार नाही. पाटी वाचणाऱ्या माणसाला ही बारकाई कळत नाही. ‘आपले गाव क्षयमुक्त’ असे वाचल्यावर तीन आठवडे खोकणारा माणूस स्वतःच्या खोकल्याला ऋतुबदल म्हणेल, हा खरा धोका आहे.

जंतू अनेकांना, आजार काहींना

क्षयाचा भार विषम का असतो हे समजण्यासाठी संसर्ग आणि आजार यांतला फरक स्पष्ट हवा. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा सूक्ष्म थेंबांतून जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. ऊन आणि खेळता वारा असेल तिथे ते टिकत नाहीत. असे जंतू श्वासावाटे शरीरात गेले की संसर्ग होतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांना असा संसर्ग झालेला आढळला. पण संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी आजार होतो. उरलेल्यांच्या शरीरात जंतू कोंडलेला राहतो.

कोणाचा जंतू कोंडलेला राहील आणि कोणाचा बाहेर पडेल, हे बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह, तंबाखूचा धूर, दारू, दगडखाणीतली सिलिकाची धूळ, या सगळ्यांमुळे ती कमी होते. यांपैकी भारतात सर्वांत मोठा वाटा कुपोषणाचा आहे. वजन आणि उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या देहभार निर्देशांकात एका एककाची वाढ झाली, तर क्षय होण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर दिसले आहे.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधाची थेट परीक्षा घेतली. २,८०० रुग्णांच्या घरांतल्या १०,३४५ व्यक्तींचा त्यांनी मागोवा घेतला. काही घरांत सर्व माणसांना दरमहा तांदूळ आणि तूरडाळ दिली गेली, तर काही घरांत फक्त रुग्णाला शिधा मिळाला. जिथे साऱ्या घराला शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्याला लागण करू शकणाऱ्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस नाही, नवे औषध नाही. केवळ डाळ आणि तांदूळ.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे नियमित घेतली तर घरी राहून, बेताच्या आहारावरही रुग्ण सॅनेटोरियमइतकाच बरा होतो, हे त्यात दिसले. हा निष्कर्ष बरोबर होता आणि त्याने लाखो गरिबांचे कल्याण केले. पण त्यातून ‘आहार गौण आहे’ असा धडा अनेकांनी घेतला, तो चुकीचा होता. झालेला क्षय औषधाने बरा होतो हे खरे. क्षय होऊ नये यासाठी मात्र ताटातले अन्न मोलाचे आहे.

सरासरी काय झाकते?

अन्न, हवा आणि काम ही समाजात सारखी वाटलेली नाहीत, म्हणून क्षयही सारखा वाटलेला नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांमध्ये फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण देशभरात लाखामागे ३१६ निघाले. पण दिल्लीत ते ५३४ होते आणि केरळात ११५. पुरुषांमध्ये ४७२ आणि स्त्रियांमध्ये १५४. मध्य प्रदेशातल्या सहरिया या आदिवासी जमातीत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ते लाखामागे १,५०० च्याही वर आढळले होते.

फरक दिसण्यासाठी राज्य ओलांडण्याचीही गरज नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ साली पुढे आला. ज्या वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नव्हता, तिथे क्षयाचे रुग्ण असलेली घरे कितीतरी जास्त होती. त्याच भागातल्या, इमारतींमध्ये पुरेसे अंतर असलेल्या वसाहतीत ती मोजकीच होती. एकाच प्रभागातला हा फरक प्रभागाच्या सरासरीत दिसत नाही.

सरासरीवर विसंबून चूक होण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. क्षय हा शहरांचा, गिरण्यांचा, कोंदट चाळींचा रोग आहे, खेड्यात तो फारसा नाही, अशी समजूत एके काळी होती. १९५५ ते १९५८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने ती मोडून काढली. खेड्यांत क्षय जवळपास शहराइतकाच होता, फक्त तो कोणी शोधलेला नव्हता. त्यानंतर १९६३ साली बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणखी एक समजूत तपासली. ‘खेडूत अडाणी असतो, तो दवाखान्यात येतच नाही’ ही ती समजूत. पाहणीत दिसले असे की निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याचे औषध घेऊन परत आले होते. त्यांच्या थुंकीची तपासणी कोणी केलीच नव्हती.

आजची स्थिती वेगळी असली तरी अंतर मिटलेले नाही. २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणात क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोठेच गेले नव्हते. पाहणीत आढळलेले रुग्णांचे प्रमाण सरकारी नोंदीतल्या प्रमाणाच्या २.८४ पट होते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, केवळ लक्षणे विचारली असती, तर सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटून गेले असते.

या तीन आकड्यांचा अर्थ शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावा. नोंद झालेले रुग्ण म्हणजे असलेले रुग्ण नव्हेत. नोंद म्हणजे आजार आणि शोध यांचा गुणाकार. आजार कमी झाला तरी नोंद घटते, आणि शोध कमी झाला तरी नोंद घटते. दुसरा निकष नोंद मोजतो आणि आजार कमी झाल्याचे बक्षीस देतो.

ज्वारीचे दाणे आणि दहा वाट्या

यात आणखी एक, शुद्ध गणिती अडचण आहे. ती वर्गात करून पाहता येते.

मोहोळ भागात ज्वारीची उणीव नाही. राज्यभर प्रसिद्ध असलेले मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच शेती संशोधन केंद्रात स्वातंत्र्यपूर्व काळात निवडले गेले. ज्वारीचे हजार दाणे मोजून त्यांचे वजन करावे. ते साधारण ३० ते ४० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने २०,००० दाणे तोलून घ्यावेत. त्यांतले ३० दाणे काढून लाल शाईत रंगवावेत, वाळवावेत आणि पुन्हा साऱ्या ज्वारीत नीट मिसळावेत. मग ही ज्वारी दहा वाट्यांत समान वाटावी. प्रत्येक वाटी म्हणजे २,००० लोकवस्तीचे एक गाव, आणि प्रत्येक लाल दाणा म्हणजे एक रुग्ण.

येथे रुग्णांचे प्रमाण सर्व गावांत सारखेच आहे, हजारी दीड. म्हणजे मर्यादेच्या दीडपट. कोणतेही गाव ‘मुक्त’ ठरायला नको. पण लाल दाणे मोजले की दिसेल, काही वाट्यांत दोन, एक किंवा शून्य दाणे आहेत, आणि काहींत पाच-सहा. संभाव्यतेच्या नियमाप्रमाणे दहांपैकी साधारण चार गावे केवळ योगायोगाने प्रमाणपत्राला पात्र ठरतात. त्यांनी काही विशेष केलेले नसते, आणि पाच-सहा दाणे आलेल्या गावांनी काही बिघडवलेले नसते. आता पाच-पाच वाट्या एकत्र कराव्यात. दहा हजारांच्या या दोन मोठ्या गावांत दहा किंवा त्याहून कमी दाणे येणे फार क्वचित घडेल. वस्ती लहान तितकी योगायोगाची करामत मोठी. पाचशे वस्तीच्या गावाला तर वर्षात एक रुग्ण निघाला की प्रमाण हजारी दोन होते आणि प्रमाणपत्र जाते.

सलग तीन वर्षांची अट यावर काही अंशी उपाय करते. एखादे गाव केवळ योगायोगाने तिन्ही वर्षे पात्र ठरण्याची शक्यता शंभरात सात-आठच उरते. ही अट ज्यांनी घातली त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण कांस्य पुतळा पहिल्याच वर्षी मिळतो, आणि पाटीही त्याच वर्षी लागते. शेती संशोधन केंद्रात एका वाफ्याच्या, एका हंगामाच्या उत्पन्नावरून कोणी वाण निवडत नाही. तेच वाण अनेक वाफ्यांत आणि अनेक हंगामांत पेरून पाहतात. गावाच्या आरोग्याला निदान तेवढी सावधगिरी लावायला हवी.

याच ज्वारीचा आणखी एक खेळ आहे. तीस लाल दाण्यांपैकी १२ एकाच वाटीत घालावेत आणि उरलेले १८ बाकीच्या नऊ वाट्यांत दोन-दोन वाटावेत. दहा वाट्यांची सरासरी पहिल्याइतकीच, तीन. नऊ गावे क्षयमुक्त, आणि सगळा ठपका दहाव्यावर. आता कल्पना करावी की दहावी वाटी कोणत्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत धरलेली नाही. मग तालुका शंभर टक्के क्षयमुक्त होतो.

खोपीतला खोकला

ही दहावी वाटी काल्पनिक नाही. मोहोळ तालुका सीना आणि भीमा या नद्यांच्या आसऱ्याने वसलेला आहे. उजनी धरणाचे पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला. टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे, अनगरला लोकनेते बाबुराव पाटील यांच्या नावाचा कारखाना आहे. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर येऊ लागतात. त्यांतले पुष्कळ बीड आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून येतात. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, त्यांचा मुक्काम खोपीत असतो. खोपीला दार नसते, पण खिडकीही नसते. आत चूल, आत धान्य, आतच लहान मुले झोपतात.

क्षयाला पोषक असे सारे येथे एकत्र येते. पहाटेपासून कष्ट, आहार तुटपुंजा, चुलीचा धूर, दाट वस्ती, तंबाखू. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कामातून फेडायची. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा माणसाला ‘थुंकी तपासायला तालुक्याच्या रुग्णालयात या, उद्या अहवाल न्यायला या’ असे सांगणे म्हणजे दोन खाडे करायला सांगणे होय.

आता गणिताकडे वळू. हा मजूर कोणत्या गावाचा? जनगणनेत तो बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी मोजला गेला आहे. तपासणीच्या वेळी तो मोहोळ तालुक्यातल्या फडात आहे. त्याचा रोग मोहोळमध्ये सापडून तिथेच धरला गेला, तर अंशात एकाची भर पडते, पण छेदात तो नाही. गावाचे प्रमाण फुगते. तो मूळ गावच्या खात्यावर धरला गेला, तर ज्या गावाला त्याची तपासणी करण्याची संधीच हंगामात नव्हती, त्या गावाचे प्रमाण बिघडते. दोन्ही बाजूंनी त्याचा शोध न लागणे हेच गावाच्या पुतळ्याच्या सोयीचे ठरते. कोणी सरपंच किंवा आशाताई असे मुद्दाम करतात, असा आमचा आरोप नाही. पण मोजपट्टीच अशी असेल तर मन नकळत तिकडे झुकते, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे.

तपासणीच्या निकषालाही हीच पळवाट राहते. दोन हजारांच्या गावाने ६० जण तपासायचे. हे साठ कोण? उपकेंद्राजवळ राहणारे, सांगितल्याबरोबर येणारे, दोन दिवसांच्या सर्दीने आलेले असे साठ सहज मिळतात. खोपीतले, वीटभट्टीवरचे, गावाबाहेरच्या पालांतले साठ मिळवायला कष्ट पडतात. आकडा दोन्हींचा ६०. फळ मात्र वेगळे.

उपचाराचेही तसेच आहे. औषधाला दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे, मग चार महिने त्यांतली पायराझिनामाइड सोडून तीन. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. सप्टेंबरात गावी सुरू केलेला उपचार फडावर पुरा व्हायचा, आणि जानेवारीत फडावर सुरू केलेला जुलैमध्ये गावी. म्हणजे बहुतेक उपचार दोन जिल्ह्यांत विभागले जाणार, आणि बीड व सोलापूर तर दोन महसूल विभागांत आहेत. निक्षय या संगणकीय नोंदवहीत रुग्णाचे नाव एका केंद्राकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची सोय आहे. पण नाव पोचले म्हणजे गोळ्या पोचल्या असे नाही. मध्येच औषध सुटले तर आजार उलटतो आणि जंतू औषधाला निर्ढावण्याचा धोका वाढतो.

मोहोळपासून जवळच असलेल्या सोलापूर शहरात यंत्रमाग आणि विडी हे दोन मोठे धंदे. विड्या वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया. तंबाखूची भुकटी, बसून काम, लहान खोली. त्या कायमच्या रहिवासी असल्याने निदान छेदात तरी आहेत. पण शहराच्या सरासरीत त्यांची वस्ती वेगळी दिसत नाही. थोडक्यात, एक गट मोजला जात नाही आणि दुसरा मोजला जाऊनही दिसत नाही.

मग मोजायचे काय?

टीका केली की पर्याय सांगावा लागतो. आमच्या मते पाच बदल पुरेसे आहेत.

पहिला, लहान गावांचा निवाडा एका वर्षाच्या आकड्यावर करू नये. तीन वर्षांची बेरीज घ्यावी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतली सारी गावे एकत्र धरावीत. दुसरा, हंगामात गावाच्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस छेदात धरावा. खोप्या मोजणे अवघड नाही. कारखान्याकडे टोळ्यांची यादी असतेच. तिसरा, तपासणीचा आकडा गटवार मागावा. ६० पैकी खोपीतले किती, रुग्णाच्या घरातले किती, मधुमेही किती, हे लिहिले गेले की पळवाट बंद होते. हातात नेता येणारे एक्स-रे यंत्र आणि गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे तपासणी-यंत्र आता उपलब्ध आहे. ती रुग्णाकडे नेता येतात, रुग्णाला खाडा करावा लागत नाही.

चौथा, जादा रुग्ण शोधणाऱ्या गावाला शिक्षा होऊ नये. पहिली दोन वर्षे शोध वाढला की नोंद वाढणारच. ती प्रगतीची खूण आहे. आणि पाचवा, उपचाराचे यश मोजताना मध्येच गाव सोडून गेलेला रुग्ण गळालेला धरू नये. तो दुसरीकडे पुरा बरा झाला का, हे दोन्ही गावांच्या खात्यावर एकत्र मोजावे.

आहाराचा निकष मात्र आहे त्याहून कडक करावा. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ‘निम्म्या रुग्णांना एक हप्ता’ ही अट फार सैल आहे, आणि झारखंडचा धडा तर साऱ्या घराला शिधा देण्याचा आहे. ज्या तालुक्याने राज्याला मालदांडी दिली, त्या तालुक्यात क्षयरुग्णाच्या घरी ज्वारी आणि डाळ पोचवणे आवाक्याबाहेरचे नसावे.

शाळेचे काम

शिक्षकाने आरोग्यसेवक व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी शाळेलाच चांगल्या जमतात. एक म्हणजे हे गणित. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी आणि संभाव्यता हे घटक आपण पुस्तकातल्या फाशांवर आणि नाण्यांवर शिकवतो. ते ज्वारीच्या दाण्यांवर आणि गावाच्या फलकावर शिकवले, तर मुले ‘हा आकडा कोणी, कसा मोजला?’ असे विचारू लागतील. प्रश्न विचारता येणे हेच विज्ञान शिक्षणाचे मुख्य फळ आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. फडावरची मुले हंगामात आपल्याच शाळेत येतात, किंवा यायला हवीत. त्यांच्या घरी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का, संध्याकाळचा ताप येतो का, वजन घटते आहे का, थुंकीतून रक्त पडते का, हे मूल सहज सांगते. ते ऐकून आशाताईंना कळवणे एवढे शिक्षकाला करता येते. मात्र त्या मुलाचे नाव वर्गात घेऊ नये, त्याला वेगळे बसवू नये. क्षय एका ताटात जेवल्याने होत नाही, तो हवेतून होतो, आणि नियमित औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांकडून लागण होण्याचा धोका थोड्याच आठवड्यांत खूप कमी होतो, हे साऱ्या वर्गाला सांगावे.

पुढच्या २४ मार्चला आपल्या गावाला प्रमाणपत्र मिळाले तर त्याचा आनंद जरूर मानावा. कष्ट करणाऱ्यांनी ते मिळवलेले असते. पण त्याच दिवशी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीला एक साधा प्रश्न विचारावा: या वर्षी खोप्यांतल्या किती जणांची तपासणी झाली? उत्तराचा आकडा फलकावर लिहिला गेला, तर आमच्या मते तो पुतळ्याइतकाच मोलाचा ठरेल.